राक्षसाची बदली

दर वर्षी चैत्र सरत आला की आमच्या सोसायटीचा वॉचमन मंगळू भोये चार दिवसांची रजा मागायला चेअरमनकडे जातो. कारण विचारलं की सांगतो, "गावाला मरायला जायचंय."

पहिल्या वर्षी चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांनी मंगळूला बसवलं, पाणी दिलं, ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला आणि आयुष्य किती सुंदर आहे यावर वीस मिनिटं बोलले. मंगळूनं सगळं ऐकून घेतलं. तो कुणाचंही ऐकून घेतो. शेवटी म्हणाला, "तसं नाय साहेब. सकाळी मरतो, दुपारी जेवतो, दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं येतो."

हरसूलच्या पलीकडे डोंगरात मंगळूचा पाडा आहे. तिथं उन्हाळ्यात बोहाडा भरतो. देवांचे आणि राक्षसांचे हे एवढाले मुखवटे लावून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. त्याला सोंगं नाचवणं म्हणतात. शेवटच्या दिवशी उजाडताना देवी राक्षसाला मारते आणि बोहाडा संपतो. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. गणपती एका घराकडे, मारुती दुसऱ्या, देवी तिसऱ्या. भोयांच्या घराकडे शिंगांचा राक्षस. मंगळूचे आजोबा राक्षस होते, वडील राक्षस होते आणि गेली अठ्ठावीस वर्षं मंगळू राक्षस आहे. शहरातली माणसं घरात तीन पिढ्या वकिली आहे असं सांगतात ना, तसंच तो हे सांगतो, फक्त जरा लाजून.

मरायची रीतही ठरलेली. देवीची तलवार लागली की राक्षसानं दीड गिरकी घ्यायची आणि उताणं पडायचं. लगेच त्याच्यावर घोंगडी टाकतात, चौघं जण उचलून देवळामागं नेतात. मेलेला राक्षस उठताना कुणी बघायचा नसतो. मंगळू तिथं मुखवटा उतरवतो, तोंड धुतो, बिडी ओढतो आणि मागच्या वाटेनं घरी जातो. इकडे देवीची आरती चाललेली असते.

आता हा राक्षस सोसायटीत कसा आहे ते सांगतो. आमच्या गेटवर वॉचमनसाठी एक खुर्ची आहे. तिच्यावर एक तपकिरी कुत्रं झोपतं आणि मंगळू शेजारी उभा राहतो. कुणी भलत्याच्या जागी गाडी लावली तर तो काही बोलत नाही, त्या गाडीजवळ जाऊन घरात कुणी गेल्यासारखा उभा राहतो. गाडीवाल्याला पाच मिनिटांत स्वतःची लाज वाटते. असा माणूस वर्षातून एकदा शिंगं लावून डरकाळ्या फोडतो, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही दोन घरांचा विश्वास नाही.

तर असा मंगळू दोन वर्षांपूर्वीच्या बोहाड्याहून परतला तो गप्प गप्पच. आधी मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी तो तसाच. एकदा सकाळी दूध आणायला खाली उतरलो तेव्हा त्यानं आपणहून विषय काढला.

"साहेब, माझी नात माझ्याजवळ येत नाय."

नात म्हणजे वैष्णवी, तेव्हा साडेचार वर्षांची. मंगळूचा मुलगा आणि सून गावाकडे शेती करतात, बायको पुतळाबाई तिकडेच असते. मंगळू पंधरा दिवसांनी घरी जायचा तेव्हा ही पोर रस्त्यापर्यंत पळत यायची, त्याच्या खांद्यावर बसायची आणि वरूनच त्याच्या खिशात हात घालून लिमलेटची गोळी काढायची. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच आजाला राक्षसाच्या सोंगात पाहिलं. दुपारी मंगळू घरी गेला, हात पुढे केले, तर पोर पुतळाबाईच्या लुगड्यामागं दडली. ती दडली ती दडलीच.

"शिंगांचं भ्या बसलं तिला," मंगळू म्हणाला. "गोळी दिली तर हातातून घेत नाय. जेवताना आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलती, मी बसलोय तिथून दोन हातांवर दगडावर ठिवती आन्‌ लांब जाऊन बघत बसती. कुत्र्याला टाकावा तसा."

"मग तू खातोस?"

"मी हात लावायच्या आत कावळा नेतो. मंग ती हसती. कावळ्याकडं बघून हसती, माझ्याकडं बघून नाय."

मी दूध घेऊन वर आलो.

याच सुमारास आमच्या स्नेहलचं ॲनिमे सुरू झालं होतं. स्नेहल म्हणजे माझी मुलगी, वय दहा. मी एकदा 'कार्टून' म्हणालो तर तिनं दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं होतं, म्हणून ॲनिमेच म्हणतो. हे जपानचं, हिंदीत बोलणारं. त्यात परीकथेतलं एक काचेचं राज्य होतं, राजकन्या होती, बोलणारा कोल्हा होता आणि डोंगरावरच्या काळ्या किल्ल्यात गोरुमा नावाचा शिंगवाला खलनायक होता. शाळेची व्हॅन येईपर्यंतची दहा मिनिटं स्नेहल तिच्या आईचा मोबाइल घेऊन गेटच्या केबिनमध्ये बसायची. मंगळू तिच्या मागे उभा राहून बघायचा, कुत्रं खुर्चीवरून बघायचं.

मंगळूचा जीव पहिल्या दिवसापासून गोरुमात अडकला. "शिंगं चांगली केलीत," तो जाणकारासारखा म्हणाला. "पन वजन सगळं पुढं हाय. मान दुखत असंल."

एकदा थंडीत गोरुमाला शिंक आली तेव्हा राजकन्येनं त्याला स्वतःचा रुमाल दिला. त्याच्याशी तसं आजवर कुणी वागलं नव्हतं. तेव्हापासून गोरुमाला चांगल्यांच्या बाजूला जायचं होतं. तो फुलं घेऊन काचेच्या राज्याच्या दाराशी गेला, तर आतून बाण आले.

"असं कसं," मंगळू म्हणाला. "दारावर मानूस असंल ना? नाव लिवून घ्यायचं, कुनाकडं जायचंय ते इचारायचं, वर फोन लावायचा. डायरेक बान?"

"मामा, सगळ्यांना वाटतं तो नाटक करतोय."

"मंग त्यानं काय करायचं?"

"तेच त्याला कळत नाहीये. बाजू बदलायची तर विचारायचं कोणाला?"

मंगळूनं कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आमच्याकडं कळतं. मल्हारीबाबाला इचारायचं."

मल्हारीबाबा हे त्यांच्या पाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस. बोहाड्यात कोण कुठलं सोंग नाचवणार याचा शेवटचा शब्द त्यांचा. पुढच्या सुट्टीत मंगळू थेट त्यांच्या अंगणात गेला. तिथं काय घडलं ते त्यानं मला सगळ्यांचे आवाज काढून सांगितलं, त्यामुळे मी तिथं असल्यासारखंच सांगतो.

"बाबा, औंदा मला बाजू बदलून द्या."

"कंची बाजू? झोपायची?"

"तसं नाय. मला देवांकडं घ्या."

मल्हारीबाबांनी तंबाखू मळायची थांबवली. "राकुस चांगला चाललाय की तुझा. तक्रार हाय का कुनाची?"

"नात भेती मला."

"भ्यायलाच पायजे. नाय भेली तर राकुस कसला?"

एवढ्यात दत्तू आला. दत्तू म्हणजे देवी. हरसूलला त्याची पिठाची गिरणी आहे आणि मंगळूच्या वर्गात तो चौथीपर्यंत होता. अठ्ठावीस वर्षं हाच मंगळूला मारतोय. मंगळूला राक्षस सोडायचाय हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

"काय रं मंगळ्या, इतकी वर्सं मारतोय तुला. एकदा तरी लागलं?"

"नाय."

"एकदा तरी डोळ्यात गुलाल गेला?"

"तुझी काय चूक नाय रं दत्तू. पोर जवळ येत नाय माझ्या."

दत्तू उकिडवा बसून जमिनीवर रेघा ओढत राहिला. "नवीन मानूस मारायचा म्हंजे अंदाज नसतो," तो म्हणाला. "तू कसा, बरोबर जागेवर पडतो."

शेवटी दैव मंगळूच्या बाजूनं धावलं. म्हणजे मारुती मोटरसायकलवरून पडला. मारुतीचं सोंग ज्या घराकडे होतं तिथला माणूस वाघेरा घाटात घसरला आणि त्याच्या पायाला प्लॅस्टर लागलं. घरात दुसरं नाचणारं कुणी नाही. मल्हारीबाबांनी चार दिवस विचार केला आणि निकाल दिला. एका वर्षापुरता मंगळू मारुती. राक्षस मंगळूचा पुतण्या यादव नाचवील, म्हणजे सोंग भोयांच्या घरातच राहील. यादव सातपूरला कारखान्यात आहे. त्यानं त्याच संध्याकाळी खोलीवर डरकाळीचा सराव केला आणि घरमालकाकडून ताकीद घेतली.

घरी जाऊन मंगळूनं खुंटीवरचा राक्षसाचा मुखवटा खाली काढला. आजोबांच्या हातचा, एक कान मागाहून जोडलेला, मिशीला शेळीचे केस. त्यानं तो फडक्यानं पुसला आणि म्हणाला, "एक वरीस. पोरीसाठी." हे मला मंगळूनं सांगितलं नाही, पुतळाबाईंनी सांगितलं.

मग सराव सुरू झाला. दुपारी पार्किंग रिकामं असायचं तेव्हा मंगळू झाडूचा दांडा गदेसारखा खांद्यावर घेऊन उड्या मारायचा. स्नेहल शाळेतून आली की सूचना द्यायची.

"मामा, उडी मारताना तोंड असं दुःखी नका करू."

"मुखवट्यात तोंड दिसत नाय, ताई."

"तरी."

उड्या त्याला जमायला लागल्या. फक्त एक होतं. प्रत्येक उडीनंतर तो आपोआप मागे सरायचा, एक हात डोळ्यांवर धरायचा, जणू पुढून कुणी मारायला येतंय. "मारुती पुढे जातो," स्नेहल ओरडायची. "अठ्ठावीस वर्सं मागं सरलोय," मंगळू म्हणायचा. "पायांना सांगाया येळ लागंल."

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी मी, बायको आणि स्नेहल असे तिघं पहाटे निघालो. पाड्यावर पोचलो तेव्हा पूर्वेकडे फटफटलं होतं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत सगळं गाव गोल करून उभं होतं, बायका ओट्यावर, पोरं झाडावर. पुतळाबाईंनी आम्हांला पुढं ओढून नेलं. त्यांच्या कडेवर वैष्णवी होती. दोन वेण्या, डोळ्यांत झोप, आणि मुठीत आजीच्या पदराचं टोक.

"मारुती कोण झालाय, माहितीय का?" माझ्या बायकोनं तिला विचारलं.

तिनं मान खाली घातली. पुतळाबाईच म्हणाल्या, "सांगितलंय तिला. कायच बोलत नाय."

मारुती झालेला मंगळू देवीच्या मागे उभा होता. लाल मुखवटा, पाठीशी कापडाची शेपटी, खांद्यावर गदा. मुखवट्याच्या आतून तो एकाच दिशेला बघतोय हे लांबूनही कळत होतं. त्याला वैष्णवी दिसत होती.

यादव उतरला. पोरगं जोरात होतं. पहिलंच वर्ष, त्यात कारखान्यातले चार मित्र मोबाइल धरून उभे. तो नाचला, डरकाळला, शिंगं हलवून बायकांकडे धावला. दत्तू हिरव्या लुगड्यात, देवीचा मुखवटा लावून, तलवार घेऊन समोर आला. दोघं फेर धरून फिरले. मग संबळाचा ताल बदलला. तो मारणीचा ताल, हे मला शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. दत्तूनं तलवार हाणली.

यादव पडला नाही. त्याला अजून नाचायचं होतं.

दत्तूनं दुसऱ्यांदा हाणली. यादव गरगर फिरून पुन्हा उभा. संबळवाला घामाघूम होऊन तोच ताल बडवत होता. दत्तूनं तिसऱ्यांदा तलवार उचलली आणि माझं लक्ष मागे मारुतीकडे गेलं. त्याचे गुडघे वाकत होते. एक हात डोळ्यांवर आला होता. गदा खाली पडली. मारुतीनं पुढे सरकत दीड गिरकी घेतली, अगदी व्यवस्थित, आणि देवीच्या पायाशी, ठरलेल्या जागी, उताणा पडला.

संबळ थांबला. देवीच्या मुखवट्यातून दत्तूचा आवाज आला, "मंगळ्या, तू नाय रं."

हे बघून यादव घाबरला आणि तोही पडला. आता देवीसमोर दोन मढी होती, त्यातलं एक मारुतीचं. घोंगडीवाले चौघं अर्ध्यावर येऊन थांबले. कुणाला उचलायचं ते त्यांना कळेना. कुठून तरी दबकं हसू फुटलं, कुणी हात जोडले.

मल्हारीबाबा काठी टेकत पुढे आले. "मारुतीराया लोटांगन घालतोय देवीला," त्यांनी जाहीर केलं.

"उतानं?" गर्दीतून कुणी तरी विचारलं.

"देवाला शिकवतोस व्हय? गप." मग खाली वाकून हळूच, "ऊठ रं आता. मारुती पडून ऱ्हात नस्तो."

राक्षस असता तर घोंगडीखाली निवांत मेला असता. मारुतीला सगळ्या गावासमोर उठावं लागलं. मंगळू हातावर भार देऊन उठला. मुखवटा वाकडा होऊन त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून त्यानं तो काढून काखेत धरला. केस घामानं चिकटलेले, शेपटी एका बाजूला लोंबत होती. त्यानं वैष्णवीकडे बघितलं नाही. मान खाली घालून तो तसाच उभा राहिला, चुकीच्या जागी लावलेल्या गाडीशेजारी राहतो तसा. इतके दिवस ज्यासाठी धडपड केली ते सगळं त्याच्याच पायांनी घालवलं होतं.

वैष्णवी आजीच्या कडेवरून घसरून खाली उतरली. पुतळाबाईंनी धरायला हात केला, पण पोर पुढे गेली. मंगळूपासून दोन हातांवर थांबली आणि त्याची पावलं निरखून बघितली. पावलं पुढेच होती. मेलेल्यांची उलटी असतात. मग ती आणखी जवळ आली, हात वर करून त्याला खाली बसायची खूण केली. मंगळू खाली बसला. तिनं त्याच्या नाकाखाली बोटं धरली.

"आजा, तू उठला."

"उठलो."

"मागल्या टायमाला नाय उठला."

मंगळूनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "उठलो व्हतो की. तिकडं, देवळामागं."

"मला नाय दिसलं. तुला घोंगडीत नेलं. कुसा आजीला नेलं तसं." कुसाबाई म्हणजे मंगळूची आई, त्या बोहाड्याच्या आधीच्या दिवाळीत गेली होती. "मी भाकर ठिवत व्हते तुला. कुसा आजीला ठिवतात तशी."

"ती तर कावळा खायाचा," मंगळू म्हणाला.

"तूच तो."

मंगळूनं काखेतला मुखवटा खाली ठेवला. ज्या पोरीला शिंगांचं भय बसलं म्हणून तो देवांच्या दारात अर्ज घेऊन गेला होता, तिला शिंगांचं काहीच वाटलं नव्हतं. तिच्या लेखी आजा मेला होता, आणि ती आपल्या ताटातला घास काढून त्याला नेमानं घालत होती. कावळ्यानं उचलला की आजाला पोचला. म्हणून हसत होती. आणि अंगणात बसलेला हा दुसरा माणूस आजासारखा दिसतो, आजासारखा गोळ्या देतो, त्याच्याजवळ कोण जाईल?

पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग पदराआडून म्हणाल्या, "वरीसभर मी जित्याला वाढत व्हते, आन्‌ पोर मेल्याला."

तोपर्यंत वैष्णवीचा हात मारुतीच्या कमरेच्या फडक्यात शिरला होता. गोळी होती. मंगळूनं ती देवाच्या सोंगातही बरोबर ठेवली होती. तिनं ती तोंडात टाकली आणि खांद्यावर चढायला लागली. आजूबाजूला यादवला उचलून नेलं, आरती सुरू झाली, कुणी तरी म्हणालं की मारुतीनं रांगेत उभं राहायला हवं. मारुती पोर खांद्यावर घेऊन रांगेत उभा राहिला. डोक्यावर पोर बसल्यामुळे मुखवटा परत लावता येईना, म्हणून तो दत्तूनं धरला. देवीच्या हातात मारुतीचं डोकं बघून आमची स्नेहल म्हणाली, "हे गोरुमाला दाखवायला पाहिजे."

जून उजाडला तेव्हा शाळा सुरू झाल्या आणि केबिनमधली दहा मिनिटंही सुरू झाली. गोरुमाचं काम झालं होतं. तुटणारा पूल त्यानं खांद्यावर धरला, राजकन्येला वाचवलं, आणि काचेच्या राज्यात त्याला जागा मिळाली.

"मंग आता काळ्या किल्ल्यात कोन?" मंगळूनं विचारलं.

"कोणीच नाही. सीरियल संपली."

"संपनारच," मंगळू म्हणाला. "कुनी तरी पडायला नको?"

यंदा तो चेअरमनकडे गेला तेव्हा मीही तिथं होतो. कारण त्यानं तेच सांगितलं. मारुतीचा पाय बरा झाला होता आणि राक्षस परत त्याच्याकडे आला होता. फक्त त्यानं मल्हारीबाबांकडे एक गोष्ट मागून घेतली होती. राक्षस मेला की घोंगडी टाकायच्या आधी त्याला एकदा उठून बसू द्यायचं, नातीच्या हातचं पाणी प्यायचं, आणि मग परत मरायचं. मल्हारीबाबा म्हणाले होते, आमच्या बापजाद्यांत असं नव्हतं. दत्तू म्हणाला होता, नातीला आजाची पावलं उलटी हायेत का ते बघायला लावनं तरी कुठं व्हतं.

आम्ही पुन्हा गेलो. उजाडताना मंगळू उतरला. काय राक्षस, काय सांगू. शिंगं मागे झुकवून त्यानं अशी डरकाळी फोडली की झाडावरची दोन पोरं खाली आली. वैष्णवी सगळ्यांच्या पुढे उभी होती, दोन्ही हातांत पितळेचा पेला धरून. दत्तूला इतक्या दिवसांनी हातचा माणूस परत मिळाला होता, त्यामुळे तो मारायची घाई करीना. एक फेर झाला, दोन झाले, तीन झाले. पेल्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर पडत होतं.

"दत्तू आजा," ती शेवटी म्हणाली, "मार ना लवकर. आजीनं चहा टाकलाय."